नकली लाकडाची गाडी: १/२५ स्केलमध्ये कंट्री स्क्वायर बनवतोय, मदत पाहिजे

मागचा बाक
नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होतो, आज पहिल्यांदा धागा काढतोय. विषय जरा विचित्र आहे, हसलात तरी चालेल.

डेट्रॉइटजवळ राहतो. सात वर्षांचा होतो तेव्हा आईबाबा आणि धाकटी बहीण असे आम्ही साताऱ्याहून इकडे आलो, ते साल १९७७. बाबा एका पार्ट्सच्या कारखान्यात इंजिनियर. तीन वर्षं एका छोट्या गाडीत काढली आणि मग १९८० साली बाबांनी जुनी फोर्ड कंट्री स्क्वायर आणली, १९७३ चं मॉडेल. सातशे डॉलरला. इतकी स्वस्त कशी, तर १९७९ ला तेलाचे भाव परत भडकले होते आणि ज्याच्या त्याच्या दारात असली एक धूड उभी, कुणालाच नको झालेली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, ही स्टेशन वॅगन. साडेपाच मीटरहून लांब, पुढे भलंमोठं व्ही-८ इंजिन, टपावर सामानाचं कॅरियर आणि दोन्ही बाजूंना लाकडाचे पॅनल. लाकूड म्हणजे लाकूड नव्हे हो, स्टिकर. त्यावरच येतोय पुढे.

या गाडीत आम्ही काय काय नेलं त्याची यादी करत नाही, एकच सांगतो. दर दोन-तीन महिन्यांनी शिकागोला डेव्हन अव्हेन्यूला वाणसामान आणायला जायचो. एका बाजूने २८० मैल, तेव्हा हायवेला पंचावन्नची मर्यादा, म्हणजे थांबत थांबत साडेपाच-सहा तास. गाडी गॅलनला अकरा मैल द्यायची, जाऊन येऊन पन्नास गॅलन, आणि गॅलन तेव्हा सव्वा डॉलरच्या आसपास. म्हणजे साठ-बासष्ट डॉलरचं पेट्रोल जाळून आम्ही तूरडाळ आणि बासमती आणत होतो. आई म्हणायची परवडतं, कारण पाच घरांचं सामान एका फेरीत यायचं आणि पेट्रोलची वर्गणी निघायची. बाबा इंजिनियर असून हा हिशोब त्यांनी कधी कागदावर मांडला नाही, मला वाटतं मुद्दामच.

गाडी १९८८ ला गेली. बाबा २०१९ ला गेले. मागच्या थंडीत फोटो चाळताना एका फोटोत गाडीचा नुसता मागचा फाळका दिसला, त्यावर आई बसलीय आणि डब्यातून पुऱ्या काढतेय. म्हटलं ही गाडी बनवायची, मॉडेल म्हणून, खरीच्या पंचविसाव्या भागाएवढी लांब.

लहानपणी प्लास्टिकची किटं जोडलेली, त्यामुळे वाटलं विकत आणू आणि जोडू. मला काही या गाडीचं प्लास्टिक किट मिळालं नाही. शेवटी ऑनलाइन एका हौशी माणसाने हाताने ओतलेली रेझिनची (साच्यात ओतून घट्ट होणाऱ्या प्लास्टिकसारख्या पदार्थाची) बॉडी मिळाली, नुसता सांगाडा, बाकी सगळं आपलं आपण. खालची चेसिस मी १९६६ च्या फोर्ड गॅलक्सीच्या किटमधून घेतली. तिचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, ११९ इंच, कंट्री स्क्वायरचा १२१. दोन इंचाचा फरक म्हणजे १/२५ ला दोन मिलिमीटर. दोन मिलिमीटर म्हणजे काहीच नाही असं वाटतं ना? तीन रविवार गेले. मधून कापली, प्लास्टिकची पट्टी घातली, चिकटवली, वाकडी झाली, परत कापली.

आता अडलंय ते लाकडापाशी. तपकिरी बेस मारून वरून ऑइल पेंटने रेषा काढल्या तर ते चक्क छान लाकूड दिसतंय, आणि तरी गाडी बघितली की वाटतं ही आमची नाही. कुणाला अनुभव असेल तर सांगा.

चिंचवडचा बाब्या
वा वा मस्त धागा! एक बाळबोध प्रश्न, स्टेशन वॅगन म्हणजे आपली टाटा इस्टेट होती तसलीच ना? आमच्या शेजारच्या काकांकडे होती, अख्ख्या सोसायटीची मुलं एका वेळी मावायची. आणि स्टेशन का म्हणतात? पोलिस स्टेशनशी काही संबंध?

भंगारातला राजा
बाब्या 😂 पोलिस नाही रे, रेल्वे स्टेशन. शंभर वर्षांपूर्वी गाडीतून उतरलेल्या माणसांना आणि त्यांच्या ट्रंकांना हॉटेलवर किंवा बंगल्यावर न्यायला मोटारीच्या चेसिसवर सुताराकडून लाकडी बॉडी बांधून घ्यायचे. आपल्याकडे ट्रकची बॉडी बांधतात तसंच. ती स्टेशनवरची वॅगन. मग फोर्डने १९२९ मध्ये मॉडेल ए वर कारखान्यातूनच ती द्यायला सुरुवात केली. मिशिगनमध्ये वर आयर्न माउंटन म्हणून गाव आहे, तिथे फोर्डचं स्वतःचं जंगल, स्वतःची लाकूड गिरणी. गंमत म्हणजे तिथल्या लाकडाच्या ढलप्या आणि भुसा वाया जाऊ नये म्हणून त्याचा कोळसा करून विकायला लागले, आज अमेरिकेत लोक अंगणात कणसं आणि मांस भाजायला किंग्जफर्ड नावाचा जो कोळसा आणतात ना तो तोच. मागचा बाक यांनी नक्की वापरला असणार.

टाटा इस्टेट जात तीच, आकाराने मात्र नातू.

तर मुद्दा, आधी हे लाकूड खरंच होतं. मेपलची चौकट, आत दुसऱ्या लाकडाच्या फळ्या. दर वर्षी वार्निश मारायला लागायचं, नाहीतर सांधे सुटायचे, पाऊस आत. म्हणून पोलादी बॉडी आली आणि खरं लाकूड हळूहळू गेलं, ब्युइकने सगळ्यात शेवटी सोडलं, १९५३ ला. पण लोकांना तोपर्यंत सवय झालेली की वॅगन म्हणजे लाकूड. मग पत्र्यावर लाकडाचं चित्र.

लांबीवाला
राम राम. मी कोल्हापूरचा, गाड्यांचं डेंटिंग-पेंटिंग करतो, वडील पाट्या रंगवायचे. मॉडेल बिडेल मला काय कळत नाय पण तुमचा प्रश्न वाचला आणि हसू आलं.

तुमचं चुकतंय कुठं सांगू का. तुम्ही लाकूड काढताय. सनमायका काढा.

लाकूड असलं की एक रेष दुसऱ्यासारखी नसते, गाठ असते, कुठं गडद कुठं फिकं. सनमायकाला गाठ जरी असली तरी ती दर दीड फुटाला परत येते, तीच्या तीच. आणि सनमायका सपाट असतो, चमक सगळीकडं सारखी. तुमच्या गाडीचा स्टिकर हा सनमायकाचाच भाऊ. वडील कपाटावर कंगवा ओढून ग्रेनिंग करायचे, ते बघून लोक म्हणायचे सागवान. त्यो मान तुमच्या गाडीला कधीच नव्हता, मग मॉडेलला कशाला देताय?

मागचा बाक
लांबीवाले, पाय कुठे आहेत तुमचे. हेच! अगदी हेच! चार महिने मी यूट्यूबवर लाकूड कसं रंगवायचं ते बघतोय आणि उत्तर कपाटात होतं.

त्या स्टिकरचं नाव डायनॉक, थ्री-एम कंपनीचं. म्हणजे गाडीवर लाकडाची नक्कल होती आणि मला त्या नकलेची नक्कल करायचीय. आणि ती फार चांगली झाली की खोटी ठरते. डोक्याला ताप आहे.

एडिसनची मावशी
मी न्यू जर्सीतून. नवऱ्याच्या मामांकडे अशीच वॅगन होती, लाकूडवालीच. मी नवीन लग्न होऊन आले तेव्हा एअरपोर्टवर आणायला हीच आली होती. नवरा, मामा, मामी, मामांची तीन मुलं, आणि कोण कोण. मला पुढे मध्ये बसवलं, मामा आणि मामींच्या मध्ये, आणि नवरा सगळ्यात मागे मुलांच्या बरोबर उलटं तोंड करून बसलेला. एअरपोर्टपासून घरापर्यंत मी त्याचं तोंडच बघितलं नाही, तो मागच्या गाड्यांना टाटा करत होता 😀

त्या मागच्या सीटवर मुलं उलटी बसून ओकायची हे कुणीच का लिहीत नाही?

भंगारातला राजा
मावशी भारी! पण तुमच्या मामांची फोर्ड नसावी. फोर्डच्या मोठ्या वॅगनमध्ये १९६५ पासून मागच्या सीटा समोरासमोर, म्हणजे एकमेकांच्या गुडघ्याला गुडघे लावून, आपल्या जीपमध्ये किंवा टमटममध्ये बसतो तसं. उलटं तोंड ही क्रायस्लरवाल्यांची आयडिया, १९५७ ची. आणि जनरल मोटर्सच्या १९७१ ते ७६ च्या मोठ्या वॅगन्समध्ये तर तिसरी सीट पुढेच तोंड करून होती. त्यांचा मागचा दरवाजा हा स्वतंत्र तमाशा, काच वर टपात सरकायची आणि खालचा फाळका गाडीच्या तळाखाली गडप, शिंपला मिटतो ना तसा उलटा. म्हणून नावच क्लॅमशेल. मागे भिंतीला टेकून गाडी लावली तरी दार उघडता यायचं. वजन मात्र अडीच टनांच्या घरात.

एडिसनची मावशी
अहो गाडी कुठली ते मला काय माहीत, मी नवी नवरी होते! मामांना विचारते. ते आता ८१ आहेत आणि गाडीचं विचारलं की तासभर फोन ठेवत नाहीत, तुमच्यामुळे माझा रविवार जाणार.

मागचा बाक
मावशी, राजा म्हणतात ते बरोबर, आमच्याकडे समोरासमोर. मी आणि बहीण एका बाजूला, समोर कुणीतरी पाहुण्यांची मुलं, मध्ये पायांत तांदळाची पोती. त्यामुळे सगळा प्रवास पाय पोत्यावर ठेवून. सीट दोनच माणसांची, पण एकदा नवीन आलेल्या दोन कुटुंबांना घेऊन आलो तेव्हा गाडीत अकरा जण होते. पट्टे कुणी लावत नव्हतं. आता नातवाला गाडीत बसवताना जे सोपस्कार करतो ते बघून आई म्हणते तुला तर मी मागे पोत्यासारखं टाकायचे.

हा अनुभव मॉडेलमध्ये आणायचा म्हणून मागच्या सीटा घडी उघडून ठेवणार आहे. पण मग सपाट जागा दिसत नाही. आणि सपाट जागेची एक परीक्षा मला घ्यायचीच होती. इथल्या मोठ्या वॅगन्सचा दंडक असा की ४ बाय ८ चं प्लाय आडवं झोपवून गेलं पाहिजे, चाकांच्या दोन फुगवट्यांच्या मध्ये ४८ इंच मोकळे. तर १/२५ ला प्लाय होतं ४८.८ मिमी बाय ९७.५. पुठ्ठ्याचा तुकडा कापून घातला. अडकला! एका बाजूने अर्धा मिलिमीटर. रेझिनची भिंत जाड असते त्यामुळे. घासून घासून पातळ केली, काल रात्री दीड वाजता पुठ्ठा आत गेला. बायको उठून बघायला आली की हा एकटा का हसतोय.

चिंचवडचा बाब्या
पुठ्ठ्याचा किस्सा वाचून मी पण हसलो एकटाच, ऑफिसात.

माझं एक. मॅचबॉक्सची खेळण्यातली हिरवी मर्क्युरी वॅगन आठवते का कुणाला? ७३ नंबरची? मागच्या खिडकीतून दोन कुत्री बाहेर बघायची. मोठ्या भावाला दुबईच्या मामाने आणलेली, मला हात लावू द्यायचा नाही. मी ती गाडी कुत्र्यांची गाडी म्हणूनच ओळखायचो, मर्क्युरी वगैरे आत्ता तुमचा धागा वाचून शोधलं. भावाला फोन केला, म्हणतो आहे अजून, एक कुत्रा गेलाय. कुत्रा कसा जाईल, ते आतल्या प्लास्टिकचाच भाग आहेत की!! त्याने तोडलाय आणि इतकी वर्षं सांगतोय मी तोडला.

पेसरपीडित
सनीवेलवरून. मी पण याच रोगाचा रोगी. पण मला मोठ्या वॅगन्स परवडत नाहीत (जागेने), म्हणून एएमसी (अमेरिकन मोटर्स) पेसर वॅगन, १९७७ ची, एएमटी या किट कंपनीचं किट. ही गाडी ज्यांनी पाहिली नाही त्यांनी काचेची माशांची पेटी डोळ्यांसमोर आणावी आणि तिला चाकं लावावीत. उजवं दार डाव्यापेक्षा चार इंच लांब, मागे बसणाऱ्यांना फुटपाथकडून चढता यावं म्हणून. म्हणजे मॉडेल बनवताना दोन्ही दारं वेगवेगळ्या मापाची, मी आधी समजलो किटमध्ये चूक आहे आणि अर्धा तास शिव्या घातल्या.

आणि याच्यावर पण लाकूड! त्या अंड्याला लाकडी पट्टा! सत्तरच्या दशकात या लोकांना काय झालं होतं देव जाणे.

किटांबद्दल एक माहिती. वॅगनची किटं कमी का, तर ही किटं मुळात शोरूमवाल्यांच्या प्रमोशनच्या छोट्या गाड्यांतून आली. नवीन मॉडेल आलं की गिऱ्हाइकाला दाखवायला, त्याच्या पोराला द्यायला प्लास्टिकची हुबेहूब गाडी. एएमटीने १९५८ पासून त्याच साच्यांतून जोडायची किटं काढली, एका डब्यात तीन प्रकारे बनवता येणारी. आणि किट घेणार कोण, तेरा-चौदा वर्षांची पोरं. त्यांना पाहिजे कन्व्हर्टिबल, रेसची गाडी. आईची वाणसामानाची गाडी पैसे देऊन कोण बनवेल? तरी काही निघाल्या, एएमटीची १९६५ ची शेव्हेल वॅगन तर सर्फिंगच्या फळ्या टाकून खपवली. म्हणजे वॅगन विकायची असेल तर आईला उतरवून समुद्रावर न्यायचं.

मागचा बाक
पेसर 😂😂 आमच्या गल्लीत एक होती. फोटो टाका.

सत्तू
वाचतोय, पण एक बोललं तर चालेल का? अकरा मैल गॅलनला म्हणजे लिटरला पाच किलोमीटर सुद्धा नाही. या गाड्यांनी जगाचं वाटोळं केलं आणि आपण आता त्यांच्यावर गहिवरतोय. मेल्या ते बरं झालं.

भंगारातला राजा
सत्तू, मेल्या खऱ्या, पण तुम्ही समजता त्या कारणाने पूर्ण नाही. १९७५ च्या कायद्याने मोटारींना मायलेजची अट लागली. वॅगन ही मोटार, म्हणून ती अटीत. पण व्हॅन आणि एसयूव्ही कागदोपत्री हलके ट्रक, त्यांना अट ढिली. १९८३ च्या शेवटी क्रायस्लरने मिनीव्हॅन आणली, डॉज कॅरव्हॅन आणि प्लिमथ व्हॉयेजर, आणि घरोघरच्या आया तिकडे गेल्या. कंट्री स्क्वायर १९९१ ला बंद. १९९६ ला शेव्हर्ले कॅप्रिस आणि ब्युइक रोडमास्टरच्या वॅगन बंद झाल्या आणि मोठी अमेरिकन वॅगन संपली. आता त्याच आया त्याहून उंच गाड्या चालवतात. म्हणजे वाटोळं करणारा बदलला, वाटोळं चालूच आहे.

सत्तू
हे माहीत नव्हतं. मान्य. तरी गहिवरणार नाही.

मिरजकर आजोबा
धाग्याला उशीर झाला. वय ७६, टायपिंग नातीकडून. आमच्या लहानपणी मिरजेकडे एका दवाखान्याची विलिज स्टेशन वॅगन होती. जीपसारखं तोंड आणि मागे खोली. खेड्यापाड्यातून पेशंट आणायची, आम्ही मागे धावायचो. ती गाडी पत्र्याची, पण बाजूला चौकटी चौकटी उठवलेल्या आणि दोन रंगांत रंगवलेल्या, लांबून वाटायचं लाकडी आहे. आम्ही पैज लावली होती, बोटाने वाजवून बघितलं तर टण्ण. मी हरलो, दोन आणे गेले.

भंगारातला राजा
आजोबा, तुमचे दोन आणे अमेरिकेतल्या एका मोठ्या डिझायनरने घेतले. ब्रुक्स स्टीव्हन्सचं डिझाइन ते, १९४६ चं, पूर्ण पोलादी वॅगन मोठ्या प्रमाणात बनवण्याची ही पहिलीच. लोकांना पोलादाची वॅगन ओळखीची वाटावी म्हणून पत्र्यावर लाकडी चौकटीचे उठाव आणि रंग. म्हणजे नकलेची सुरुवातच तिथे.

याच माणसाने पुढे १९६३ च्या स्टुडबेकरला मागचा टप सरकून उघडणारा केला, उभा फ्रिज नेता यावा म्हणून. पाऊस आला की गळायचा. चांगली कल्पना आणि गळका टप, आमच्या चाळीची आठवण येते.

लांबीवाला
आजोबांनी बोटानं वाजवून बघितलं ते एकदम कारागिराचं काम. मी अजून लांबी (पुट्टी) भरलेली गाडी तशीच ओळखतो.

मागचा बाक, लाकडाचं काय झालं? का पुठ्ठाच सारताय अजून?

मागचा बाक
सांगतो. तुमच्या सल्ल्याने रंगवलेलं सगळं थिनरने पुसलं. मग इथल्या हार्डवेअरच्या दुकानातून लॅमिनेटचे नमुने आणले, अक्रोड रंगाचे तीन. स्कॅन केले, लहान केले, डीकल पेपरवर छापले. डीकल म्हणजे पाण्यात भिजवून सरकवायचा स्टिकर. इंकजेटवर छापलं की त्यावर क्लियर लॅकरचा हात मारायचा असतो नाहीतर शाई पाण्यात विरघळते, हे मला माहीत आहे, मी हे दुसऱ्यांना शिकवतो. आणि मी विसरलो. वाटीत सगळा चहा झाला.

दुसऱ्यांदा नीट छापलं. पण २५ पट लहान केल्यावर रेषा दिसतच नाहीत, नुसता मळकट तपकिरी पट्टा. दहा पट लहान केलं तर रेषा दिसतात पण त्या मापाने झाड केवढं होईल? शेवटी मधलं काहीतरी धरलं, पंधराच्या आसपास. डोळ्याला जे बरं वाटलं ते, गणित नाही. दाराच्या हँडलवर स्टिकर बसेना, मऊ करायचं सोल्यूशन तीनदा लावलं. कडेच्या फिक्या पट्ट्या वेगळ्या रंगवल्या. क्रोमसाठी बेअर मेटल फॉइल, म्हणजे मागून चिकट असलेला धातूचा पातळ पापुद्रा, तो इथे मिशिगनमध्येच तयार होतो. दाढीच्या ब्लेडपेक्षा बारीक पात्याने कापायचं आणि श्वास धरायचा. खिडकीच्या कडा झाल्या तेव्हा मला कळलं की मी चष्म्याचा नंबर बदलून घ्यायला पाहिजे.

पेसरपीडित
फॉइलला नवीन पातं दर चार-पाच कापांना. कंजूसपणा केला की फाटतंच. भारतातल्या लोकांना फॉइल महाग पडेल, क्रोमचं पेन घ्या, हाताने तेल लागू देऊ नका एवढंच.

चिंचवडचा बाब्या
भारतातल्या लोकांना फॉइलच काय, किटच महाग पडतं हो. मी एक मागवलं, किटापेक्षा कुरियर आणि कस्टम जास्त झालं. बायकोला सांगितलं ऑफिसचं पार्सल आहे. हा धागा ती वाचत नाही अशी आशा.

एडिसनची मावशी
मामांशी बोलले! दीड तास. गाडी क्रायस्लरवाल्यांची प्लिमथ होती, राजा तुमचं बरोबर. मामा म्हणाले मागची काच खाली करून चालवली की धूर आत यायचा, म्हणून मुलं ओकायची, उलटं बसून नाही. इतकी वर्षं मी मुलांच्या पोटाला दोष देत होते. आणि ती गाडी विकताना मामी रडल्या म्हणाले. मामी म्हणतात खोटं, मी धुराने रडले.

मागचा बाक
मावशी, मामी जिंकल्या 😂

मंडळी, गाडी झाली. म्हणजे मला वाटलं झाली. शनिवारी आईच्या पुढ्यात ठेवली. ती आता ८४ आहे, मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून तिला माझ्यापेक्षा चांगलं दिसतं. हातात घेतली, फाळका खाली केला (बिजागरी पितळेच्या तारेची, चालते!), मग दारासारखा बाजूला उघडायला गेली. खऱ्या गाडीचा दोन्हीकडे उघडायचा, खाली पण आणि आडवा पण. माझ्याकडून फक्त खालीच जमलंय. तिने दोनदा ओढून बघितलं आणि काही बोलली नाही. मग डावी बाजू बघितली, उजवी बघितली, परत डावी. म्हणाली, "ही बाजू एवढी चांगली कुठे होती?"

आणि मला आठवलं. आमच्या घरासमोर गाडी पश्चिमेला तोंड करून लागायची. डावी बाजू दक्षिणेला. आठ वर्षं त्या बाजूला ऊन. तिकडचा स्टिकर पार उडालेला, चहात दूध जास्त झाल्यासारखा रंग, आणि मागच्या चाकापाशी एक कोपरा सुटलेला, तो बाबांनी कसल्याशा गोंदाने चिकटवला होता आणि तिथे पिवळा डाग पडलेला. उजवीकडून गाडी पाच वर्षांची वाटायची आणि डावीकडून वीस. फोटोंत ती बाजू कधी आलीच नाही, कारण बाबा फोटोसाठी गाडी फिरवून लावायचे.

लांबीवाले, आता सांगा. वर क्लियर कोट झालाय. खालचा डीकल न उचकटता फिकट कसा करू?

लांबीवाला
उचकटू नका. पांढऱ्यात चिमूटभर पिवळा, भरपूर थिनर, एकदम पाण्यासारखं. एअरब्रश असला तर लांबून धुक्यासारखा मारा, नसला तर स्पंज. वरच्या अंगाला जास्त, खाली कमी, ऊन वरून येतं. हँडलच्या खाली मारू नका, तिथं सावली असणार. मग दोन हजारचा पॉलिश पेपर पाण्यात भिजवून नुसता फिरवा, चमक मरंल. उजवी बाजू चमकती ठेवा.

आणि गोंदाचा डाग विसरू नका. त्यो वडलांचा हाय.

भंगारातला राजा
आणि आडवं उघडणारं दार?

मागचा बाक
राजा, ते पुढच्या थंडीत. एकाच फाळक्याला दोन दिशांच्या बिजागऱ्या फोर्डच्या इंजिनियरांना जमल्या, मला वेळ द्या.

डाग काल रात्री केला. काडीपेटीच्या काडीने, एक थेंब वार्निश. आईने बघितलं, म्हणाली अजून थोडा मागे होता.

आता तिचं म्हणणं आहे की मागे पोती पाहिजेत. दोन बासमतीची, एक तुरीचं. टी-बॅगचं कापड वापरून शिवतोय, आत रवा भरला तर बरोबर फुगतं. तिसरं पोतं भरताना लक्षात आलं की चार-पाच वर्षांनी किडे होतील. रव्याऐवजी काय घालू?

एडिसनची मावशी
रवा आधी भाजून घ्या.